पानाच्या पाठीवर

रविवारी पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात पालेभाज्यांच्या बाजूला पाऊल टाकलं की आधी दिसते ती कोथिंबीर. ढिगांवर ढीग. रविवारची आवक आठवड्यात सगळ्यात मोठी. कोथिंबिरीच्या जुड्या लाखाच्या घरात जातात. तिच्या खालोखाल मेथी. पुदिना मात्र विचारत विचारत शोधावा लागतो. "तिकडं बघा, चाकवताच्या पलीकडं," एका अडत्यांनी वहीतून डोकं वर न काढता हात दाखवला. पलीकडं ओल्या गोणपाटाखाली चार गठ्ठे पडले होते. गोणपाट उचललं आणि एवढ्या गर्दीत, ट्रकच्या धुरात, तुडवलेल्या कोबीच्या पाल्यात तो वास सरळ डोक्यात गेला.

वर्तमानपत्रात पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांचे भाव छापून येतात, त्यांचा एक ठरलेला क्रम असतो. कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात, चाकवत, करडई, मग पुदिना. त्याच्यामागे अंबाडी, मुळे, राजगिरा, चुका, चवळई, पालक. आपल्या स्वयंपाकघरातही पुदिन्याची जागा साधारण इथंच आहे. कोथिंबीर रोज लागते, पुदिना पाहुणे येणार असले की. तोही कोथिंबिरीच्या जोडीला, चटणीत, मिक्सरमध्ये. उरलेली अर्धी जुडी फ्रिजच्या तळाशी काळी पडते आणि चार दिवसांनी ओल्या कचऱ्यात जाते. मला याचं वाईट वाटतं. इतका वास असलेलं, इतक्या स्वस्तात मिळणारं पान आपल्याकडं दुसरं नाही.

गठ्ठ्याशेजारी माल घेऊन आलेल्या बाई बसल्या होत्या. मावशी, हा किती दिवसांनी काढता, असं विचारल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझा शब्द दुरुस्त केला. "काढायचा न्हाई, कापायचा. मेथी उपटायची, कोथमीर उपटायची. ह्याला कापायचा, म्हंजी परत येतो." शेताच्या पाटाकडेला, जिथं ओल कायम असते तिथं, त्यांनी तो काही वर्षांपूर्वी लावलाय. पुन्हा लावावा लागलेला नाही. जमिनीखालून त्याची खोडं पळत राहतात आणि प्रत्येक पेरातून नवा कोंब येतो.

मावशींनी सांगितलेल्या या फरकात घरच्या पुदिन्याच्या दुर्दशेचं कारण आहे. मेथीची जुडी मुळांसकट येते. पुदिन्याची येते कापलेल्या देठांची, म्हणजे फुलांच्या गुच्छासारखी, आणि आपण तिला वागवतो भाजीसारखं. दोरा न सोडता, ओली, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून. आत कोंदटलेली पानं दुसऱ्या दिवशी काळी होणारच. घरी आल्याबरोबर दोरा सोडावा, काळी-पिवळी पानं निवडावीत, देठांची टोकं बोटभर कापून जुडी पेल्यात दोन बोटं पाण्यात उभी करावी. पाणी रोज बदलावं. ओट्यावर तीन-चार दिवस ती ताठ उभी राहते. फ्रिजमध्ये ठेवायचीच असेल तर न धुता, किंचित ओलसर फडक्यात सैल गुंडाळून डब्यात. धुवायची ती वापरायच्या आधी, भरपूर पाण्यात दोन-तीनदा, कारण कच्चा खायचा पाला आहे आणि त्याला माती चिकटलेली असते.

माझी एक मैत्रीण वनस्पतिशास्त्र शिकवते. तिच्या पर्समध्ये दहापट मोठं दाखवणारं भिंग कायम असतं. त्या रविवारी मी जुडी घेऊन तिच्याकडं गेले. तिनं एक पान तोडलं, उलटं केलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. पानाची पाठ जाळीदार, शिरा उठून दिसणाऱ्या, आणि शिरांच्या मधल्या खळग्यांत बारीक बारीक चकाकणारे ठिपके. पहाटेच्या दवासारखे. "हाच तुझा पुदिना," ती म्हणाली. "बाकीचं नुसतं हिरवं पान."

त्या एकेका ठिपक्यात आठ पेशींची चकती असते. त्या पेशी तेल तयार करतात आणि वरच्या पातळ पापुद्र्याखाली साठवतात. पापुद्रा फुगतो, त्याची थैली होते. पानाच्या दोन्ही बाजूंना या थैल्या असतात, खालच्या बाजूला जास्त. म्हणजे पुदिन्याचा सगळा वास पानाच्या आत नाही, कातडीवर आहे, बोटानं फुटेल अशा फुग्यांत. तिनं पान तळहातावर ठेवून दुसऱ्या हातानं एक चापट मारली. खोलीभर वास. मग पुन्हा भिंगातून पाहिलं, तर कितीतरी ठिपके विझले होते.

त्या दिवसापासून पुदिन्याकडं बघायची माझी रीत बदलली. कुठल्याही पदार्थात आता मी एवढंच विचारते: या थैल्या फुटतात कधी, आणि फुटल्यावर तेल जातं कुठं? हवेत गेलं तर वाया. ताकात, तुपात, भातात, तोंडात गेलं तर कामी आलं.

चटणीपासून सुरुवात करते, कारण आपली पुदिन्याची ओळखच तिथली. चटणी काळी पडते ही घराघरातली तक्रार. पान चिरडलं की त्याच्या पेशींतलं एक विकर आणि काही रसायनं एकमेकांना भेटतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो, आणि सफरचंदाची फोड जशी तांबूस होते तशी चटणी काळपटते. मिक्सरचं पातं तापतं, त्यानं या कामाला वेग येतो. म्हणून मिक्सरमध्ये पाण्याऐवजी बर्फाचे दोन-तीन खडे घालावेत आणि सलग न फिरवता थांबून थांबून फिरवावं. लिंबू सगळ्यात शेवटी, वाढताना. आंबटपणानं विकराला आळा बसतो खरा, पण हिरव्या रंगातलं मॅग्नेशियमही निघून जातं आणि तासाभरात चटणी शेवाळी दिसायला लागते. प्रमाण माझं असं: दोन मुठी कोथिंबीर, एक मूठ पुदिन्याची नुसती पानं, तीन हिरव्या मिरच्या, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, अर्धा चमचा जिरं, मीठ आणि दोन चमचे डाळं. डाळं विसरू नये. त्यानं चटणीला अंग येतं आणि पाणी सुटत नाही. कोथिंबिरीचे कोवळे देठ खुशाल घ्यावेत, पुदिन्याचे मात्र नाही. ते दोरीसारखे असतात आणि चटणी कडवट करतात. पुदिना कोथिंबिरीच्या बरोबरीनं घातला तर चटणी टूथपेस्टच्या वाटेला जाते, असं माझं मत आहे, अर्ध्यावर थांबावं.

पाटा-वरवंटा ज्यांच्याकडं अजून आहे त्यांनी एकदा खडेमीठ घालून पुदिना वाटून पाहावा. मिठाचे खडे पानाला घासतात, थैल्या फुटतात, आणि पातं नसल्यामुळं पानाचा चेंदामेंदा होत नाही. वास जास्त सुटतो, कडवटपणा कमी. हीच रीत मठ्ठ्याला लागते. लग्नाच्या पंगतीत जिलबीबरोबरच्या मठ्ठ्यात पुदिना बारीक चिरून वर भुरभुरलेला असतो. तो दातात अडकतो आणि ताकात काही उतरत नाही. लिटरभर ताकाला पंधराएक पानं, चिमूटभर साखर आणि मीठ खलबत्त्यात रगडून ताकात कालवावीत, वर आल्याचा रस, जिऱ्याची पूड, किंचित हिंग, आणि अर्धा तास झाकून ठेवावं. पुदिन्याचं तेल पाण्यात फारसं विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून लोणी पूर्ण न काढलेल्या ताकात वास धरतो, पांढऱ्या पाण्यासारख्या ताकात तरंगून उडून जातो.

मुंबईत पुदिन्याला चहात मानाची जागा आहे. पारशी घरात सकाळचा चहा म्हणजे 'चोय', आणि त्यात 'लीली चाय' म्हणजे आपला गवती चहा आणि 'फुदनो' ही जोडी. दादरच्या पारशी कॉलनीतल्या एका वृद्ध बाईंच्या स्वयंपाकघरात मी ती चोय होताना पाहिली. गवती चहाची पात त्यांनी हातानं मुडपून गार पाण्यातच टाकली आणि चांगली उकळू दिली. ती चिवट पात, तिला उकळीच लागते. साखर, चहाची पूड. दूध वेगळं तापत होतं. शेवटी गॅस बंद केला, तेव्हा पुदिन्याचे दोन कोंब तळहातांत हलके दाबून भांड्यात सोडले आणि लगेच झाकण. घड्याळाकडं न बघता त्या गप्पा मारत राहिल्या, आणि मग एकदम उठून चहा गाळला. एकाच भांड्यातल्या दोन पाल्यांना दोन वेगळ्या वेळी घालणं, हे त्या कुणाच्या पुस्तकात वाचून शिकलेल्या नव्हत्या. त्यांच्या सासूबाईंची तशी रीत होती.

पारशी लग्नाच्या भोणूमधल्या, म्हणजे जेवणातल्या, पात्रा नी मच्छीतही पुदिना असतो. पापलेटाला ओलं खोबरं, कोथिंबीर, पुदिना, मिरची आणि लिंबाची चटणी माखून केळीच्या पानात बांधायचं आणि वाफवायचं. तिथं पुदिना उकडला जातो तरी वाया जात नाही, कारण तेल खोबऱ्यात मुरतं आणि वाफ पुडीबाहेर पडत नाही. आपल्याकडं हळदीच्या पानात पातोळ्या होतात, तसाच हा बांधलेल्या पानाचा प्रकार.

बिर्याणीत हे काम मोठ्या भांड्यात चालतं. पुदिना दोनदा घालतात. थोडा मसाल्यात, दह्याबरोबर, मटण मुरवताना. तो चवीला. मग भाताच्या थरांवर, तळलेल्या कांद्याबरोबर, अख्खी पानं. झाकण कणकेनं लिंपलं की खालून वाफ चढते, पानांतल्या थैल्या उघडते, तेल उचलून वर नेते, आणि ते झाकणाला लागून थेंब होऊन पुन्हा भातात पडतं. काही जण सगळा पुदिना कांद्याबरोबर तेलात परततात. मग घरभर सुगंध दरवळतो आणि ताटात काही येत नाही.

हीच वाफ उत्तर प्रदेशात शेतकऱ्यांचं पोट भरते. बाराबंकी, रामपूर, मुरादाबाद, संभल, बदायूं या पट्ट्यात उन्हाळ्यात शेतं पुदिन्यानं हिरवी असतात. पण तो आपला चटणीचा पुदिना नाही. त्याला तिथं 'मेंथा' किंवा 'पिपरमेंट' म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या जमिनीखालच्या खोडांचे तुकडे लावतात, मे-जूनमध्ये कापतात, पाला थोडा सुकवून लोखंडी टाकीत दाबून भरतात आणि खालून जाळ घालतात. वाफेबरोबर तेल येतं, थंड झाल्यावर पाण्यावर तरंगतं, आणि पिंपात भरलं जातं. शंभर किलो पाल्यातून तेल निघतं किलोच्या आतबाहेर. लखनौच्या 'सीमॅप' या केंद्रीय संशोधन संस्थेनं 'कोशी', 'हिमालय', 'सक्षम' अशा जाती दिल्या आणि भारत या तेलाचा जगातला सगळ्यात मोठा उत्पादक झाला. मुंबईतल्या एमसीएक्सच्या बाजारात सोनं, चांदी, कच्चं तेल यांच्या यादीत मेंथा तेलाचाही वायदा होतो. ज्या शहरात भेळवाल्याच्या चटणीत पुदिना वाटला जातो, तिथंच त्याच्या भावंडाचा भाव पडद्यावर खाली-वर होतो.

हे तेल गार केलं की त्यात पांढऱ्या सुया धरतात. ते मेन्थॉल, आपल्या आजीच्या भाषेत पुदिन्याचं फूल. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल हे तीन कोरडे पदार्थ एका बाटलीत टाकून हलवले की पाणी न घालता सगळ्याचं पाणी होतं. तीच अमृतधारा. लहानपणी हा चमत्कार मी आजीच्या कपाटासमोर उभी राहून कितीदा तरी पाहिला आहे. तिन्हींचे कण एकमेकांत मिसळले की प्रत्येकाचा वितळण्याचा बिंदू खाली येतो, म्हणून हे घडतं. कापूर पोटात जाणं लहान मुलांना घातक असतं, त्यामुळं ती बाटली आज घरात असेल तर मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी हवी.

मेन्थॉलनं गार वाटतं ते कशानं, हे 2002 साली कळलं. आपल्या कातडीत आणि तोंडात थंडी ओळखणारा एक ग्राहक आहे, ट्रिपएमएट नावाचा. गारवा लागला की तो उघडतो, आणि मेन्थॉल लागलं तरी उघडतो. मेंदूला दोन्हीत फरक कळत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन तसंच उष्णतेच्या ग्राहकाला फसवतं. या दोन्ही शोधांमागच्या डेव्हिड ज्युलियस यांना अर्देम पातापुतियन यांच्यासह 2021 चं नोबेल मिळालं. पाणीपुरीच्या पाण्यात मिरची, पुदिना, पादेलोण आणि बर्फ एकत्र येतात, तेव्हा जिभेला एकाच घासात गरम आणि गार असे दोन्ही निरोप जातात.

मात्र आपल्या चटणीच्या पुदिन्यात मेन्थॉल फारच थोडं असतं. त्याचा वास कार्व्होन नावाच्या द्रव्याचा. आणि इथं एक अशी गोष्ट आहे की ती कळल्यावर मी उठून मिसळणाचा डबा उघडला. बाळंतशोपा, म्हणजे शेपूचं बी, त्याच्या वासातही मुख्य द्रव्य कार्व्होनच. तेच अणू, तेवढेच, त्याच क्रमानं जोडलेले. फरक इतकाच की एक रेणू दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब आहे, जसा डावा पंजा उजव्याचं. 1971 साली शास्त्रज्ञांनी दोन्ही रूपं शुद्ध करून हुंगायला दिली आणि नाक ती वेगळी ओळखतं हे दाखवून दिलं. मी एका हातात पुदिन्याचं चुरडलेलं पान घेतलं, दुसऱ्या हातात चिमूटभर बाळंतशोपा. बाळंतिणीच्या विड्याचा वास एका तळहातावर, भेळेच्या गाडीचा दुसऱ्यावर.

म्हणूनच बागेसाठी पुदिना घेताना कुठला घेतोय ते बघावं. चटणीच्या पुदिन्याची पानं सुरकुतलेली, कडा दातेरी, आणि जवळजवळ देठाविना खोडाला चिकटलेली असतात. फुलं आली तर शेंड्याला तुऱ्यात. मेंथाची फुलं पानांच्या बेचक्यात, खोडाभोवती गोल गोल येतात. त्याचं पान खाल्लं की टाळ्याला झोंबतं आणि मागून कडू लागतं. चटणीला तो घेऊ नये.

पोटासाठी पुदिना चांगला, हे आपण ऐकत आलो. त्यात तथ्य आहे. पेपरमिंटच्या तेलानं आतड्याचे स्नायू सैल पडतात, आणि आतड्यात पेटके येणाऱ्यांना त्याच्या कॅप्सूल डॉक्टर देतात. पण तोच सैलपणा अन्ननलिकेच्या खालच्या झडपेलाही येतो. ज्यांना छातीत जळजळ होते, घशाशी आंबट येतं, त्यांना पुदिन्यानं त्रास वाढू शकतो.

आता सुक्या पुदिन्याबद्दल, ज्याच्यासाठी खरं तर मी हा लेख लिहायला घेतला. कोथिंबीर वाळवली की तिचा वास जातो, गवत उरतं. पुदिन्याचं तसं होत नाही. हिरवेपणा जातो, थैल्यांतलं तेल बरंचसं टिकतं. इराणमध्ये 'आश' नावाच्या दाट, भाज्या-कडधान्यांच्या सूपवर सुका पुदिना तेलात क्षणभर परतून ओततात. मी ती रीत आपल्या कढीवर करून पाहिली. कढीची नेहमीची जिरं-मेथ्यांची फोडणी आधी करून घेतली. वाढायच्या आधी लहान पळीत दोन चमचे तूप तापवलं, गॅस बंद केला, दहा सेकंद थांबले, मग एक चमचा सुका पुदिना हातावर चुरून तुपात टाकला. तूप फसफसलं, गर्द हिरवं झालं. लगेच कढीवर. पळी आचेवर राहिली असती तर पुदिना जळून कडू झाला असता. पहिल्या घासाला माझे ऐंशीच्या घरातले वडील थांबले, पुन्हा वाटी तोंडाजवळ नेली, आणि म्हणाले, "हे काय घातलंस? भाताला थोडी ठेव." आता मुगाच्या वरणावर, दुधीच्या रायत्यावर, कधी थालीपिठाच्या लोण्यातही मी तो घालते.

वाळवायला दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. पानं खुडून, धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडी करून कागदावर सावलीत पसरायची, वारा खेळेल अशा जागी. उन्हात ठेवली तर तेल उडतं. चार-पाच दिवसांत कुरकुरीत होतात. चुरा न करता अख्खीच बरणीत भरायची, नाहीतर थैल्या बरणीतच फुटून जातील.

आणि श्रीखंडाच्या वाटीत, केकवर, सरबताच्या काठावर शोभेचा कोंब खोचतात तो मला बघवत नाही. कुणी खात नाही, जेवण झालं की उष्ट्यात जातो. घालायचाच असेल तर पान हातानं फाडून सरबतात बुडवावं.

मार्केट यार्डातून आणलेल्या जुडीतले सहा देठ मी वेगळे ठेवले होते. खालची पानं काढून, पाण्याच्या पेल्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीत, जिथं सकाळचं कोवळं ऊन तासभर येतं. चौथ्या दिवशी पेरांवर पांढरे बिंदू उठले. आज आठवा दिवस. मुळं बोटभर झाली आहेत. त्यांच्यासाठी खोल कुंडीपेक्षा पसरट बरी, कारण पुदिना आडवा पळतो. जुना प्लॅस्टिकचा टब घेतला आहे, खाली भोकं पाडून, अर्धी माती अर्धं शेणखत. तुळशीच्या कुंडीत लावू नको, असं आईनं बजावलं आहे. तो महिन्याभरात तिला वेढून टाकेल. पानांवर तांबेऱ्याचे नारिंगी ठिपके दिसले तर जमिनीलगत कापून टाकायचा, असं मावशींनी सांगितलं होतं. परत येतो तो.